बोटांनी वाचायची वही

शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात वही असते. त्या वहीचे आपणांस काहीच अप्रूप वाटत नाही. परंतु क्षणभर विचार केला तर ती किती कामे निमूटपणे करीत असते, हे ध्यानात येईल. तीत लिहिता येते. लिहिलेले त्याच क्षणी डोळ्यांपुढे असते. चुकले तर खोडता येते. चार महिन्यांपूर्वीचा धडा पाने उलटून शोधता येतो. आणि ती काखेत मारून कोठेही नेता येते. लिहिणे, वाचणे, सुधारणे, शोधणे आणि बरोबर नेणे, ही वहीची पाच कर्तव्ये होत.

ज्याला दृष्टी नाही, त्या मुलाला अशी वही कोठून मिळावी? ब्रेलची पाटी आणि टोचा ही त्याची पहिली साधने. पाटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद धरून टोच्याने एकेक टिंब दाबावे लागते. टिंब कागदाच्या मागच्या अंगास उठते. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, आणि वाचायचे कागद उलटून डावीकडून उजवीकडे. लिहिता लिहिता वाचणे शक्य नाही, आणि चूक दुरुस्त करणे तर फारच कठीण. अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी तयार केलेले ब्रेल टंकयंत्र १९५१ पासून मिळू लागले. त्यावर लिहिलेले लगेच बोटाखाली येते, ही मोठीच सोय झाली. पण त्याचे वजन जवळजवळ पाच किलो, आणि वर्गात त्याचा खटखटाट सर्वांच्या कानी पडणारा. वहीची पाच कर्तव्ये एकत्र करणारे साधन अद्याप दूरच होते.

गेल्या सुमारे चाळीस वर्षांत विजेरीवर चालणारी, हातात मावणारी टिपणयंत्रे निघाली आणि हे अंतर पुष्कळ कमी झाले. त्याबरोबर एक नवा प्रश्न मात्र उभा राहिला. यंत्राच्या पोटात काय काय घालावे? घड्याळ घालावे, दिनदर्शिका घालावी, गणकयंत्र, पत्रव्यवहार, गाणी, खेळ, सर्व काही घालावे काय? की थोडक्याच गोष्टी घालून ते सामान्य घरच्या मुलाच्या आवाक्यात आणावे? हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख भरली. तेव्हा हा प्रश्न कोणत्या गावात, कोणत्या घरात केव्हा येऊन ठेपेल, हे सांगता येत नाही.

पहिली निवड एका मुलाची

या निवडीचा इतिहास विजेच्या यंत्रांहून पुष्कळ जुना आहे. लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूपव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांची खोगिरे व चामड्याचे सामान बनवीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत असता हत्यार डोळ्यात गेले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

तेथे त्याला चार्ल्स बार्बिये या माजी तोफखाना अधिकाऱ्याची उठावाच्या टिंबांची लिपी भेटली. तिच्यात एका खुणेसाठी बारा टिंबांपर्यंत जागा होती, आणि खुणा अक्षरांच्या नव्हत्या, ध्वनींच्या होत्या. एवढी मोठी खूण बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे. शब्द कसा लिहितात, हेही तिच्यावरून कळत नसे. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लुईने बाराची सहा टिंबे केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. या सहांतून ६३ निरनिराळ्या खुणा होतात. खूण बोटाच्या टोकाखाली अलगद मावते, आणि प्रत्येक अक्षराला स्वतःची खूण मिळते. विरामचिन्हे, अंक आणि संगीताची लिपीसुद्धा त्याच सहांत बसली. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत, तेव्हा संगीताची गरज त्यांना दुसऱ्या कोणी सांगावी लागली नाही.

वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या मुलाने सहा टिंबे काढून टाकली, ती केवळ काटकसर म्हणून नव्हे. बोटाला एका स्पर्शात काय कळते, हे त्याला स्वतःच्या बोटावरून ठाऊक होते. जे बोटाखाली मावत नाही ते त्याने सोडले, आणि शुद्धलेखन, जे सुटता कामा नये, ते सांभाळले. टिपणयंत्रात काय असावे, हे ठरविताना याहून चांगला धडा सापडणार नाही.

बोलणारी वही

हातात मावणाऱ्या टिपणयंत्रांतील सर्वांत गाजलेले म्हणजे १९८७ साली अमेरिकेत डीन ब्लेझी यांनी काढलेले ‘ब्रेल अँड स्पीक’. ब्लेझी स्वतः डोळस; परंतु शाळकरी वयातच त्यांना केंटकी राज्यातील टिम क्रॅनमर या अंध संशोधकाचा सहवास लाभला होता. यंत्रावर कळा केवळ सात, सहा टिंबांच्या सहा आणि सातवी जागा सोडण्याची. वजन अर्ध्या किलोच्या आत. ब्रेलमध्ये लिहावे, आणि यंत्राने ते वाचून दाखवावे. घड्याळ, दिनदर्शिका, गणकयंत्र आणि दूरध्वनी क्रमांकांची यादीही त्यात होती. अनेक अंध विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी ते वर्षानुवर्षे जवळ बाळगले.

त्यात नव्हती ती एकच गोष्ट, बोटांनी वाचायची ओळ. लिहायचे बोटांनी, पण वाचायचे कानांनी. ही उणीव लहान वाटते. ती लहान नाही. आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. यंत्राच्या तोंडून हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. जो मुलगा केवळ ऐकतच शिकला, त्याला ऱ्हस्व कोठे आणि दीर्घ कोठे, जोडाक्षर कसे फोडावे, स्वल्पविराम कोठे द्यावा, हे कळणार कसे? कानांनी विद्या मिळते, हे खरेच. आपल्या पूर्वजांनी कितीतरी ज्ञान मुखोद्गत ठेवले. परंतु ज्याच्या बोटाखाली अक्षर आले नाही, तो बहुश्रुत झाला तरी साक्षर झाला, असे म्हणता येत नाही.

महागडी ओळ

मग प्रत्येक यंत्रात स्पर्शाची ओळ का घालीत नाहीत? त्याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. या ओळीत एकेका अक्षरासाठी एकेक घर असते आणि प्रत्येक घरात बारीक खिळे. जुन्या पद्धतीत प्रत्येक खिळ्याखाली एका विशिष्ट स्फटिकमय द्रव्याची पातळ पट्टी बसवितात. तिला विजेचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि खिळा वर उचलते. आठ खिळ्यांचे एक घर धरले, तर २० घरांच्या ओळीला १६० आणि ३२ घरांच्या ओळीला २५६ खिळे लागतात, आणि तितक्याच पट्ट्या. म्हणून ३२ घरांची परिपूर्ण यंत्रे कित्येक हजार डॉलरांच्या घरात गेली.

एवढी किंमत द्यायचीच, तर त्यात आणखी चार सोयी का नकोत, असा विचार साहजिक होता. २००० साली न्यूझीलंडहून ‘ब्रेलनोट’ आले, २००२ साली अमेरिकेतून ‘पॅक मेट’. या यंत्रांत लेखनाबरोबर पत्रव्यवहार आला, पुढे इंटरनेट आले. वकील, प्राध्यापक, कार्यालयात काम करणारे अशांना ती उपयोगी पडली, यात संशय नाही. परंतु त्यांतून एक धोकाही दिसून आला. पॅक मेट हे खिशातल्या संगणकांसाठीच्या विंडोज प्रणालीवर चाले, आणि ती प्रणाली आज इतिहासजमा झाली आहे. खिळ्यांची ओळ धडधाकट असली तरी भोवतीच्या सोयी म्हाताऱ्या होतात, आणि सर्वांत महाग वस्तू सर्वांत लवकर जुन्या होणाऱ्या वस्तूला जखडली जाते. बैल तरणा आणि गाडी मोडकी, असा तो प्रकार!

मुंबईने काय निवडले

पुढच्या पिढीच्या यंत्रांनी उलट वाट धरली. निरनिराळ्या देशांतील अंधांच्या संस्थांनी एकत्र येऊन स्वस्त ब्रेल यंत्राचा पाठपुरावा केला. त्यातून ‘ऑर्बिट रीडर २०’ हे यंत्र निघाले. त्याची घोषणा २०१६ साली झाली. आपल्या मुंबईत ‘इनोव्हिजन’ या तरुण कंपनीने ‘ब्रेल मी’ हे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेपर्यंत पोहोचले. दोहोंची आरंभीची किंमत तेथे साधारण पाचशे डॉलरच्या आसपास होती. म्हणजे जुन्या परिपूर्ण यंत्रांचा एक लहानसा अंश.

हे कशामुळे साधले? काय सोडायचे, ते नीट ठरविल्यामुळे. दोन्ही यंत्रांत ओळ २० घरांचीच. मुंबईच्या यंत्रात घरात आठांऐवजी सहाच खिळे, म्हणजे १६० च्या जागी १२०. संगणकाच्या कामात आठ टिंबांचा उपयोग असतो. पण आपल्या भाषांचे लेखन सहांत पुरे होते. दोहोंत बोलण्याची सोय नाही, इंटरनेट नाही. आहे ते असे : लिहावे, साठवावे, पुन्हा उघडून बोटांनी वाचावे, दुरुस्त करावे, आणि हवे तेव्हा संगणकाला किंवा मोबाईलला जोडावे. १९८७ च्या यंत्राने आवाज ठेवला आणि ओळ सोडली. या यंत्रांनी ओळ ठेवली आणि आवाज सोडला.

सोडलेल्या गोष्टींची किंमत द्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे. ऑर्बिटची टिंबे कागदावरच्याप्रमाणे घट्ट लागतात. पण ओळ बदलताना थोडा वेळ जातो आणि खडखड आवाज होतो. ज्या अक्षरावर जायचे त्याच्या माथ्यावरची कळ दाबून तेथे पोहोचण्याची जी सोय महाग यंत्रांत असते, ती त्यात नाही. भराभर वाचणाऱ्या प्रौढाला वीस घरांची ओळ आखूड वाटते. शिकणाऱ्या मुलाला मात्र ती पुष्कळ आहे.

कंपूची कसोटी

कोणतेही साधन चांगले की वाईट, हे ते कोणाच्या हातात जाणार, त्यावर ठरते. म्हणून ग्वाल्हेरचा कंपू डोळ्यांपुढे ठेवू. १८१० साली दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ स्थिरावली आणि तिचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. ‘कंपू’ हे नाव पलटणींचे, कवायती फौजेचे. आज तेथे पलटणी नाहीत. दाट वस्ती आहे, बाजार आहे, आणि जवळच जयारोग्य रुग्णालय व १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिंद्यांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घरे लष्कर भागात आहेत. अशा घरी एक अंध मुलगी नववीत शिकते आहे, असे समजा. डॉक्टरांचा उपाय जेथे संपला, तेथून तिच्या शिक्षकांचे काम सुरू झाले आहे. तिच्या टिपणयंत्रात काय असावे?

पहिली गोष्ट भाषेची. ती घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि इंग्रजीची परीक्षा देते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान असे ‘भारती ब्रेल’ स्वीकारले गेले, ही तिच्यासाठी मोठी देणगी आहे. मराठीचा ‘क’ आणि हिंदीचा ‘क’ तिच्या बोटाला एकच लागतो. परंतु तिचे लेखन डोळसांना वाचता येण्यासाठी ते देवनागरीत उतरले पाहिजे. तेव्हा यंत्र किंवा त्याला जोडलेला संगणक ‘ळ’ चा ‘ल’ करीत नाही ना, ‘ऱ्या’ नीट उमटतो ना, एका भाषेतून दुसरीत सहज जाता येते ना, हे पाहावे. बारा खेळ असलेले पण ‘ळ’ न ओळखणारे यंत्र तिच्या काय कामाचे?

दुसरी गोष्ट परीक्षेची. केंद्र सरकारने २०१३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अपंग परीक्षार्थींना ब्रेल, संगणक, मोठी अक्षरे किंवा ध्वनिमुद्रण यांपैकी पद्धत निवडण्याची मुभा आणि तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ सांगितला होता. पण ज्या यंत्रात इंटरनेट आहे, ते वर्गात आणू देण्यास पर्यवेक्षक कचरणारच. साठवलेले धडे काढून ठेवता येतात, बाहेरच्या जगाशी संबंध तोडता येतो, असे साधे यंत्र तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष स्वतःच देते. दुसऱ्या कोणी तिच्यासाठी लिहावे, यापेक्षा तिने आपल्या हातांनी लिहावे, यात तिचा मान आहे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, धूळही फार. विजेरी दिवसभर पुरावी, आणि थकली तर बदलता यावी. खिळ्यांत धूळ अडकते. ती साफ कोण करणार, बिघडले तर कोठे पाठवायचे, दुरुस्तीला किती दिवस लागणार, हे खरेदीपूर्वी विचारावे. दुरुस्तीविना कपाटात पडलेले यंत्र घेतले काय अन् न घेतले काय, सारखेच.

चौथी गोष्ट शोधण्याची. शेकडो पानांतून एक शब्द लिहून त्याच्याशी पोहोचणे, हे डोळसांच्या वहीतही इतके सोपे नसते. ही सोय अवश्य असावी. घड्याळही असावे, ते स्वस्त आहे आणि परीक्षेत लागते. गणकयंत्र असल्यास उत्तम.

आणि आवाज? गाणी? पत्रे? बातम्या? ती सर्व आज साध्या मोबाईलमध्ये आहेत. पडद्यावरचे वाचून दाखविण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनांत मुळातच असते. संगणकावर २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही वाचक प्रणाली विनामूल्य मिळते. २०१६ साली आपल्या देशात सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयातून अंधांना सुगम स्वरूपातली पुस्तके मिळतात. जे दुसरीकडे फुकट किंवा स्वस्त मिळते, त्यासाठी टिपणयंत्राची किंमत वाढवू नये.

फोन असताना यंत्र कशाला?

येथे कोणी विचारील, फोनच सर्व बोलून दाखवितो, तर मग ही खिळ्यांची ओळ हवीच कशाला? आपल्या धर्मग्रामातलेच उदाहरण घेऊ. रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन करण्याचे काम एखाद्या अंध तरुणाकडे आले, असे समजा. फोन त्याच्या कानात वाचीत राहणार आणि तो मागोमाग बोलत राहणार. कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर जोर द्यावा, हे त्याला आधी कळत नाही. वाक्य संपेपर्यंत वाक्याचा रोखच लक्षात येत नाही. त्याच्या बोटाखाली ओळ असेल, तर तो शब्दाच्या पुढे राहील, विराम घेईल, आणि भक्तजनांचे कान त्याच्याकडे लागतील. गणिताच्या पायऱ्या, पत्त्यातील अक्षरे, औषधाच्या चिठ्ठीतले नाव, भाषणाची टाचणे, या सर्वांना तोच नियम लागू आहे. गर्दीत, गोंगाटात, किंवा शेजारी झोपलेले माणूस जागे होऊ नये अशा वेळी, बोट गुपचूप वाचते.

ज्याला पाहताही येत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला तर ही ओळ म्हणजे जगाकडे उघडणारे दार आहे. त्याच्यापुढे बोलणारे यंत्र मुकेच.

अर्थात, एकच यंत्र सर्वांना पुरेल, असा आग्रह कोणी धरू नये. ज्याला कार्यालयात दिवसभर कागदपत्रे हाताळायची आहेत, त्याला लांब ओळ आणि अधिक सोयी लागतीलच. लहान यंत्रापासून आरंभ करावा आणि कामाबरोबर साधन वाढवावे, हा व्यवहार शहाणपणाचा.

निवड कोणी करावी?

या सर्वांत मोठी चूक होते ती निवड करणाऱ्यांच्या बाबतीत. दानशूर मंडळी यंत्र विकत घेतात, शिक्षक यादी करतात, दुकानदार गुण सांगतो. आणि ज्याच्या बोटाखाली ते जाणार, त्याला शेवटी बोलावतात. एखाद्याचे जोडे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने शिवावेत, तशी ही गोष्ट होते. लुई ब्रेल यांची सहा टिंबे टिकली, कारण त्यांना अंध बोटांनी घडविले होते. ब्लेझींच्या यंत्राच्या मुळाशीही एका अंध संशोधकाची संगत होती.

म्हणून ज्या घरी हा प्रश्न आला असेल, त्यांनी घाई करू नये. मुलाला प्रथम पाटी आणि टोचा द्यावा. टिंबे हाताला बसू द्यावीत. ज्याला ब्रेल येत नाही, त्याच्या हाती ब्रेलचे यंत्र म्हणजे न वाजणारी बासरी. नंतर अंधशाळेत किंवा अंधांच्या संस्थेत जाऊन दोन-तीन यंत्रे मुलाच्या हातात द्यावीत. एक पान लिहायला सांगावे, त्यातली एक चूक सुधारायला सांगावी, कालचे पान शोधायला सांगावे. आईवडिलांनी बाजूला बसून केवळ पाहावे. कोणत्या यंत्रावर बोट अडते आणि कोणत्यावर ते चालते, हे पाच मिनिटांत दिसून येईल. आणि तो मुलगा जे सांगेल, ते ऐकावे.

धर्मग्रामातील मंडळींनाही येथे करण्यासारखे काही आहे. वर्गणी काढून यंत्र घेणे हे एक काम झाले. त्यापुढचे काम अधिक शांत आहे. रविवारची वाचने, गीतांचे शब्द, सभेची सूचनापत्रके ही टंकलिखित स्वरूपात आधी त्या मुलाकडे पोहोचवावीत, म्हणजे ती यंत्रात उतरवून त्याला इतरांबरोबर वाचता येतील. त्यास खर्च नाही. फक्त आठवण ठेवावी लागते.

वहीची पाच कर्तव्ये आपण आरंभी पाहिली. जे यंत्र ती पाचही कर्तव्ये बोटांच्या भाषेत पार पाडते, ते पुरे आहे, मग त्यात गाणी असोत वा नसोत. आणि ज्यात जगातल्या सर्व सोयी आहेत, पण मुलाला स्वतः लिहिलेले ‘दीन’ आणि ‘दिन’ बोटाने ओळखता येत नाही, ते कितीही महाग असले तरी अपुरेच.